राजूरला, काष्टीवरून

मिरजगाव
८ एप्रिल २०२५

प्रिय आक्का,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. जोडाक्षर आलं की थांब, मग पुढं जा. फोन करून बघितला होता. दाजी उचलतात, "ती कामात हाय" म्हणतात, मग आम्ही दोघंही काय बोलावं ते न सुचून कांद्याच्या भावाचं बोलतो. म्हणून पत्र लिहिते.

मला ऑर्डर आली. पशुधन पर्यवेक्षक, राजूरच्या जनावरांच्या दवाखान्यात. राजूर आपल्याच जिल्ह्यात आहे, पण पार पश्चिमेच्या टोकाला, डोंगरात. आपण उगवतीच्या कडेला आणि ते मावळतीच्या. आईनं विचारलं, "तिथं बाजरी पिकती का?" मी म्हटलं, तिथं भात पिकतो. तेव्हापासून ती डबे भरते आहे. जणू मी उपाशी मरायलाच निघाले आहे.

गावात सगळे मला ढोरांची डॉक्टरीण म्हणायला लागले. मी ज्याला त्याला सांगते, मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखाली काम करणार. आई चिडते. "लोकं मोठं म्हंत्यात तर म्हनू दे की. तुझ्या पोटात का दुखतं?" पण उद्या कुणी अडलेली गाय घेऊन माझ्याकडेच आला तर? मला रात्री हेच दिसतं. गाय अडली आहे आणि मी उभी आहे.

सामान न्यायला हनुमंतमामाचा छोटा हत्ती ठरला आहे. एक कॉट, गॅस, पेटी, भांडी आणि आप्पा. नगरवरून सरळ रस्ता आहे. पण आप्पा म्हणाले, तोडीच्या वाटेनं जाऊ. म्हणजे आपण ऊसतोडीला ट्रकमध्ये बसून ज्या वाटेनं जायचो, त्या. श्रीगोंदा, काष्टी, घोडनदी, आळेफाटा. जिथं जिथं आपली कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी, पडली होती, तिथून. तू मला कडेवर घेऊन ट्रकच्या फाळक्याला टेकून बसायचीस आणि वाऱ्यानं तुझे केस माझ्या तोंडात जायचे. तेवढं मला आठवतं. गावं आठवत नाहीत.

म्हणून आम्ही काष्टीवरून येतो आहोत. १९ तारखेला, शनिवारी. बाजाराचा दिवस आहे हे मला माहीत आहे, पण मामाची गाडी त्याच दिवशी मोकळी आहे. तू घरी अस. बाकी काही नको.

तुझी पंकू

—

मिरजगाव
११ एप्रिल २०२५

आक्का,

पहिलं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून मन खातं आहे. त्यात मी लिहिलं की तोडीच्या वाटेनं जायचं आप्पा म्हणाले. तसं नाही. मीच म्हटलं. ते गव्हाणीत वैरण टाकत होते, टाकतच राहिले. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तेव्हा म्हणाले, "काष्टी लागंल की मंग वाटंत." मी म्हटलं, लागेल. ते म्हणाले, "लागू दे." एवढंच. मी त्याचा होकार केला.

तू काय अट घातली आहेस ती मी विसरलेले नाही. चुलतभावाच्या, वाल्मिकच्या लग्नात, मांडवाच्या मागं, भांड्यांच्या ढिगाजवळ तू आईला सांगितलंस, "आप्पा माझ्या घरचं पानी पीत न्हाईत, तवर मी त्यांच्या घराची पायरी चढनार न्हाई." आणि खरंच चढली नाहीस. दोन दिवाळ्या झाल्या.

आई म्हणते, रीतच आहे, लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी खायचं-प्यायचं नाही, तिच्या बापानंही पाळली. पण तिच्या बापाला एक वर्ष पाळावी लागली. तुझ्या लग्नाला दहा झाली.

त्या लग्नाच्या आधी आप्पा बैल बघायला काष्टीच्या बाजाराला आले होते, तेव्हाचं तू मला एकदाच सांगितलंस, पण मी तिथं असल्यासारखं मला दिसतं. भर उन्हात ते तुझ्या ओट्यावर बसले. तू तांब्या आणलास. त्यांनी तांब्याला हात लावून नमस्कार केला आणि बाजूला सरकवला. मग उठून शेजारी पुष्पावतीकाकूंच्या दारात गेले आणि तिथं ओंजळीनं पोटभर प्यायले. गल्लीतल्या बायका बघत होत्या. एकजण म्हणाली, "बापालाच म्हाईत आसंल बाई, पोरीचं."

आप्पांनी असं का केलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तुझी बाजू घेऊन एकदा तरी विचारायला हवं होतं का, हे मला ठरवता येत नाही. आपल्या घरात आप्पांना "का" म्हणून कुणी विचारतच नाही. मी इतकं शिकले, तरी अजून जमत नाही.

मी त्यांच्याकडून कसलंही वचन घेतलेलं नाही. ते पाणी पितील असं मी तुला सांगत नाही. फक्त तुझ्या दारात येतील एवढं सांगते.

पंकू

—

राजूर
२१ एप्रिल २०२५

प्रिय आक्का,

पोहोचले. आज हजर झाले. खोली दवाखान्याच्या मागंच आहे. इथली जनावरं डांगी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कातडी तेल लावल्यासारखी. पाऊस अंगावरून निथळून जातो म्हणतात. आज पहिल्याच दिवशी एक म्हातारे बाबा गोऱ्हा घेऊन आले. मला बघून डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "पोर धरंल का ह्याला?" मी धरला. आपल्या घरच्या खिलारी बैलांपुढं तो अगदी गरीब होता.

आता प्रवासाचं.

निघताना आईनं वेशीपर्यंत येऊन गाडीवरून नारळ ओवाळला आणि फोडला. नारळ चांगला निघाला, तरी तिनं पाणी चाखून खात्री केली. मामा आईला म्हणाला, "आक्के, आमाला बी ठेव की घोटभर, गाडी मी चालवनार हाय." गाडी सुरू झाली आणि पहिल्याच चढाला धापा टाकायला लागली. "डॉक्टरीणबाई," मामा म्हणतो, "माझ्या हत्तीला बी एक इंजेक्शन मारा. दमा हाय त्याला."

आप्पा पुढं बसायला तयार नव्हते. मागं कॉट आडवी टाकली होती, तिच्यावर गादीची गुंडाळी, तिच्यावर ते. मी सांगितलं, ऊन लागेल. "आयुष्य उन्हात गेलं. आता काय लागतंय." मग मीही मागं बसले, त्यांच्या पायाशी.

श्रीगोंद्याच्या अलीकडं त्यांनी टपावर थाप मारली. मामानं गाडी कडेला घेतली. तिथं आता प्लॉट पाडलेत, रंगवलेले दगड रोवलेत. आप्पा खाली उतरले, चप्पल काढून ढेकळात उभे राहिले. "हितं आपला तळ हुता. बारा कोप्या. आन त्या बाभळीपशी हापसा. त्याला निस्तं गढूळ पानी यायचं. सुरी दांडा मारायची आन दांडा तिलाच वर उचलायचा." असं म्हणून हसले. मला ते आठवत नाही. तू, त्यांची सुरी, तेव्हा किती असशील? दहा-अकरा?

पुढं एका पुलाशी परत थाप. "हितनं पाटाला पानी सुटायचं. सुरी कळशी घिऊन वाकली की मी वरनं वरडायचो, वाकू नगं, वाकू नगं." पुढं एक विहीर. ती बुजवली आहे. "हिच्या मालकानं एकदा कळशी हिसकून घेतली पोरीची. मी कोयता घिऊन गेल्तो." मामानं विचारलं, "मंग?" "मंग काय. कळशी दिली त्यानं."

तिथं माझ्या लक्षात आलं. आप्पांना त्या वाटेवरचं एकही शेत उसावरून आठवत नव्हतं. मुकादम कोण, फॅक्टरी कुठली, विचारलं तर गोंधळत होते. त्यांना प्रत्येक तळ पाण्यावरून आठवत होता. पाणी कुठं होतं आणि तू ते कुठून आणायचीस. दिवसभर कोयता चालवताना मान वर केली की बांधावरून तू डोक्यावर कळशी आणि कडेवर मी असं येताना दिसायचीस, असं म्हणाले. त्यावर तुझं नाव काढलं असतं तर मी त्यांना मुद्दाम तिकडं ढकलते आहे असं झालं असतं.

साखरशाळेची जागाही दाखवली. पत्र्याची होती म्हणे. ती मात्र मला आठवली. तू मला आत बसवून दारात थांबायचीस. बाई म्हणायच्या, तू पण बस. तू म्हणायचीस, "मला पानी आनायचंय." संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत मी तुला शिकवायचे. तुझा 'ळ' कधी नीट आला नाही. अजून येत नसेल तर काही हरकत नाही.

काष्टीला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. तुझ्या दाराला कुलूप होतं.

खरं सांगायचं तर मला राग आला. मी दोन पत्रं लिहिली होती. पुष्पावतीकाकू बाहेर आल्या. "सकाळीच गेली बाजाराला, दोघं बी. म्हनली, पावनं येत्याल, बसवा." त्यांनी तांब्या आणला. आप्पा म्हणाले, "नको बाई, आत्ताच प्यालो." ते प्यायले नव्हते. मिरजगाव सोडल्यापासून पाण्याचा थेंब त्यांच्या तोंडात गेला नव्हता, मी बाटली पुढं केली तरी. काकू चहा टाकायला आत गेल्या.

आम्ही तुझ्या ओट्यावर बसलो. चहा घेतला. मग निघालो. त्यापुढचं मला लिहिता येत नाही, आणि तू विचारू नकोस.

घोडनदी ओलांडली की जिल्हा सुटतो. बराच वेळ पुण्याच्या हद्दीतून जाऊन ब्राह्मणवाड्याशी परत आपल्याच जिल्ह्यात आलो. मामा म्हणाला, "च्यायला, पावनं म्हनून परत घरात." कोतूळच्या पुढं डोंगर अंगावर यायला लागले. आप्पांनी इतके डोंगर कधी बघितले नव्हते. "हितं ऊस कुठं लावत्यात?" म्हणाले. मी म्हटलं, नाही लावत. "बरंय," म्हणाले.

रविवारी ते आणि मामा परत गेले. खोलीत पाणी कुठून येतं, ते त्यांनी आधी बघितलं. मग गेले.

पंकू

—

राजूर
६ मे २०२५

आक्का,

काल आईचा फोन आला. तू तिला फोन केला होतास म्हणे. एवढ्या दिवसांनी तू स्वतः केलास, म्हणून ती आधी रडली, मग तू काय म्हणालीस ते सांगितलं. "बाप दारात आला आन तसाच गेला. कुलूप बघून बरंच वाटलं आसंल."

मी आप्पांना शब्द दिला होता. त्यांच्या गळ्याला हात लावून दिला होता. तो मी आता मोडते आहे, आणि हे पत्र टाकल्यावर त्यांनाही फोन करून मोडला म्हणून सांगणार आहे. त्यांच्या पाठीमागं मोडायचं मला जमणार नाही.

काकू चहा टाकायला गेल्या तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं, सगळी बाजाराला. आप्पा ओट्यावरून उठले. मला वाटलं, गाडीकडं निघाले. ते तुझ्या माठापाशी गेले. तिपाईवरच्या, दाराशेजारच्या. त्यांनी माठाला गुंडाळलेल्या फडक्याला हात लावला. ते टपटपत होतं. खालची फरशी धुतलेली होती. झाकणावर स्टीलचा पेला होता, घासलेला.

मला म्हणाले, "पंके, बाजाराला जाताना कोन पेला भाईर ठेवतं का? चोर न्हेतील."

मी म्हटलं, विसरली असेल.

"सुरी इसरत न्हाई." मग म्हणाले, "कुलूप लावलंय आन पानी भाईर ठेवलंय. म्हनती, मी बघत न्हाई, तुमाला काय करायचं ते करा."

आक्का, ते मला कळलं नव्हतं. मी तुझ्यावर रागावून बसले होते. त्यांना तुझ्या नजरेसमोर अवघडायला नको म्हणून तू उन्हात बाजारभर फिरत होतीस, हे त्यांना कळलं आणि मला नाही.

त्यांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली. पेला बुडवला आणि डोळे मिटून प्यायले. उभ्यानं, सगळा. देवळात तीर्थ घेताना करतात तसा ओला हात डोक्यावरून फिरवला. मग घरात कुणी वारल्यासारखे ओट्यावर बसून राहिले. काकूंचा चहाही त्यांनी कसाबसा घेतला.

घोडनदीच्या पुलावर त्यांनी मला शब्द मागितला. "तिला सांगू नगं."

तेव्हा मी विचारलं. का म्हणून. जन्मात पहिल्यांदा. इतकी वर्षं तिनं तुमच्या पाण्याची वाट बघितली आणि आता प्यायलात तर सांगायचं का नाही?

ते पुलाखाली बघत होते. नदीला पाणी नव्हतं, वाळूचे खड्डे होते. म्हणाले, "बाप लेकीच्या घरचं पानी कवा पितो? नातवंड बघितलं की पितो. न्हाईतर, आता बघायचं न्हाई आसं ठरलं की पितो. मी पेलो म्हंजी मी आशा सोडली. तिला आसं वाटाय नगं, की माझ्या बापानं बी सोडली."

मी म्हटलं, आम्हाला वाटायचं तुम्ही लोकांसाठी रीत पाळता.

"लोकांचं काय. मी पीत नव्हतो, म्हंजी देवाला म्हाईत हुतं, ह्याचं काम बाकी हाय. कवातरी बघंल आपल्याकडं."

त्या दिवशी शेजारी जाऊन प्यायलात ते? मी तेही विचारून घेतलं. एकदा तोंड उघडलं होतं म्हणून.

"तहान लागली हुती," म्हणाले. "तुझ्या आक्काच्या डोळ्यापुढं गेलो, ही चूक झाली. मला वाटलं ती आत गेली."

म्हणजे दहा वर्षं ते तुझ्यासाठी तहानलेले राहिले आणि तू दहा वर्षं ते तुला टाकून बोलल्यासारखं मानलंस, आणि मधे आम्ही सगळे गप्प. आता हे लिहिताना मला भीती वाटते. मी तुला हवं होतं ते सांगते आहे, पण त्याच्यासोबत हेही सांगते आहे की आप्पांनी आता वाट बघणं सोडलं. तुला हे वाचून बरं वाटेल की वाईट, मला कळत नाही. तू आणि दाजींनी लेकरासाठी दवाखान्याच्या खेपा बंद केल्या हे पुष्पावतीकाकू चहा टाकायला जाताना हळूच सांगून गेल्या. त्यांच्यावर रागावू नकोस. मला वाटतं आप्पांनी ते ऐकलं. विचारलं नाही त्यांना.

पण एक गोष्ट पुलावर त्यांनी सांगितली नाही, कारण ती त्यांच्या लक्षातच आली नसावी. ती मी बघितली आहे, म्हणून सांगते.

पहिला पेला प्यायल्यावर, चहा झाल्यावर, आम्ही गाडीत बसलो. मामानं चावी फिरवली. आप्पा म्हणाले, "थांब जरा." उतरले, परत माठापाशी गेले आणि पेला बुडवून आणखी एक प्यायले. या वेळी डोळे मिटले नाहीत. घटाघटा, तोडीवरून आल्यावर प्यायचे तसे, गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. मग तिसऱ्यांदा पेला भरला आणि तळहातानं झाकून, सांडू न देता गाडीपर्यंत आणला. खिडकीतून मामापुढं धरला.

"घे, हनुमंता," म्हणाले. "गार हाय. माझ्या लेकीच्या घरचं हाय."

तुझी पंकू